पावसाळा उतरल्यावर घर आणि परस: दापोलीकडच्या एका कौलारू घराच्या नोंदी

घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात. जांभ्याच्या (इकडच्या लाल, सच्छिद्र दगडाच्या) चिऱ्यांच्या, मातीत बांधलेल्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि अंगण, मागे न्हाणीघर, विहीर आणि परस. परसाला लागून थोडी भातजमीन, वर सड्याच्या (जांभ्याच्या उघड्या पठाराच्या) कडेला हापूसची कलमं. इकडे वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून आमच्याकडे थंडीची तयारी म्हणजे मुख्यतः ओलीचं काम. घरात शिरलेली ओल बाहेर काढायची आणि जमिनीतली ओल जाऊ द्यायची नाही. ही दोन उलट कामं दसऱ्यापासून देवदिवाळीपर्यंत एकाच वेळी चालतात, आणि कुठलं आधी नि कुठलं नंतर यावरच पैसे वाचतात किंवा जातात. जुनं घर पुन्हा राहतं करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून २०२४ सालच्या नोंदी लिहून ठेवल्या आहेत.

६ ऑक्टोबर, रविवार

पाऊस अजून आहे. सकाळी कडक ऊन, दुपारनंतर गडगडून सरी. घर तपासायचं ते याच दिवसांत, कारण गळती पाऊस असतानाच सापडते. नोव्हेंबरात कोरड्या कौलांकडे कितीही बघितलं तरी काही कळत नाही.

खडू आणि बॅटरी घेऊन घरभर फिरलो. जिथे थेंब, तिथल्या वाशावर खूण. पहिल्यांदा हे काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: थेंब पडतो त्याच्या बरोबर वर फुटकं कौल नसतं. पाणी रिपेवरून (कौलांखालच्या आडव्या पट्टीवरून), वाशावरून उतरत येतं आणि वाटेत गाठ किंवा खिळा लागला की तिथे सुटतं. खुणेपासून वाशाच्या वरच्या अंगाला बॅटरी मारत जायचं आणि ओला डाग जिथे सुरू होतो तिथे दुसरी खूण करायची. पडवीच्या कोपऱ्यात थेंब एकीकडे आणि तडकलेलं कौल चांगलं सहा फूट वर, आढ्याच्या जवळ निघालं.

बाकी जे सापडलं ते असं: माजघराच्या पश्चिम भिंतीला गुडघ्याच्या वरपर्यंत ओल आणि रंगाचे पापुद्रे. न्हाणीघराच्या चौकटीवर वाळवीची मातीची नळी. पन्हळीत पाला कुजून माती झालेली आणि त्या मातीत पिंपळाचं रोप. ते रोप आजच्या आज मुळासकट काढलं. पिंपळाचं मूळ एकदा चिऱ्यांच्या सांध्यात शिरलं की ते काढायला भिंत उतरवावी लागते.

९ ऑक्टोबर

पश्चिमेच्या भिंतीचं काम सुरू. या बाजूला झड (वाऱ्याने भिंतीवर येणारा पाऊस) लागते, म्हणून काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या सल्ल्याने बाहेरून कमरेएवढा सिमेंटचा गिलावा केला होता. पहिलं वर्ष छान गेलं, मग ओल आतून दिसायला लागली आणि दर वर्षी चढत गेली.

जांभा पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. त्याच्यावर सिमेंटचा थर बसला की त्या थराला बारीक चिरा पडतात, पाणी त्यांतून आत जातं आणि परत बाहेर यायला त्याला वाट राहत नाही. मग ते आतल्या बाजूने, माजघरात निघतं. आतून रंग बदलून, वॉटरप्रूफ म्हणून विकतात ते लावून बघितलं होतं. त्याने ओल आणखी वर सरकली, एवढंच.

गवंडी आज छिन्नी-हातोडी घेऊन गिलावा उतरवतोय. रोज ८०० रुपये. ब्रेकर मशीनने अर्ध्या दिवसात झालं असतं, पण आमचे सांधे मातीचे आहेत, मशीनच्या हादऱ्याने ते भुगा होऊन गळतात. हातानेही जिथे सिमेंट घट्ट धरलं होतं तिथे चिऱ्याची कड सोबत आली. मोकळे झालेले सांधे लाल माती आणि चुना मिसळून भरले.

आईंना (सासूबाईंना) विचारलं, पूर्वी झडीला काय करायचे? म्हणाल्या, “अगं, मृगाच्या आधी माडाचे झाप बांधायचे बाहेरून. भिंत भिजतच नव्हती.” पुढच्या जूनला झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या). आत्तापुरतं वाशांना दोरी बांधून जुनी ताडपत्री भिंतीपासून दोन हात लांब सोडली आहे, म्हणजे सर आली तर पाणी लागणार नाही आणि वारं मात्र खेळेल. ताडपत्री भिंतीला चिकटून टाकायची नाही, आत घाम धरतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

काम बंद. सकाळी विळे, कोयते, टिकाव, फावडी, आकडी सगळी घासून पूजेला मांडली. त्या निमित्ताने हत्यारं एकत्र येतात आणि कशाचा दांडा हलतोय ते हाती लागतं. टिकावाचा दांडा बदलायला हवा. कोयत्यांना कानशीने तोंड काढून निसण्यावर धार लावली. दुपारी जोराचा पाऊस.

१७ ऑक्टोबर

मान्सून देशातून परतल्याचं हवामान खात्याने १५ तारखेला जाहीर केलं. आमच्या आभाळात ढग अजून जमतात, पण सकाळ कोरडी मिळते, तेवढ्यात छपराचं काम धरलं.

इथे एक अडचण आली ती सविस्तर लिहिते. तालुक्यातून नवीन मंगलोरी कौलं आणली, नगाला ३८ रुपये. वर नेऊन बसवायला गेलो तर खाच जुळेना. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची खाच आणि लांबी थोडी वेगळी असते. जुन्या ओळीत नवं कौल घुसवलं की ते एका कोपऱ्यावर उचललेलं राहतं, आणि पुढच्या पावसात तिथूनच गळतं. छपरावर चढलेल्या माणसाने मग गोठ्याकडे बोट दाखवलं. गोठ्याचं छप्पर घराबरोबरचंच, त्याच छापाच्या कौलांचं. गोठ्यातली चांगली कौलं काढून घराला लावली आणि नवी कौलं सलग ओळीत गोठ्यावर घातली. नवी नव्याशी जुळतात, जुनी जुन्याशी. कौलं विकत घ्यायच्या आधी जुन्या कौलाच्या पाठीवरचा छाप बघावा आणि एक नमुना पिशवीत घालून दुकानात न्यावा.

दुसरं काम प्लास्टिक काढण्याचं. थंडीत कौलांच्या फटींतून गार वारं उतरतं आणि वानरांच्या उड्यांनी धूळ पडते, म्हणून माजघरावर कौलांखाली जाड प्लास्टिकचा कागद पसरलेला होता. हा उपाय आमच्याकडे अनेक घरांत दिसतो. कागद काढला तेव्हा त्याच्या वरच्या अंगाच्या रिपा काळ्या पडून बोटाने मोडत होत्या. इकडे थंडीत दव भरपूर पडतं, कौलाच्या पोटाशी पाणी धरतं, ते प्लास्टिकवर साचतं आणि रीप त्यात बसून राहते. पावसाळाभर तर विचारायलाच नको. बारा-तेरा रिपा बदलल्या, ऐनाच्या लाकडाच्या जुन्या मिळाल्या म्हणून खर्च मजुरीचाच झाला. आता प्लास्टिकच्या जागी वाशांच्या खालून बांबूचे तट्टे बांधले, फक्त झोपायच्या खोलीवर. तट्ट्यातून हवा जाते, धूळ बरीच अडते, वारं थेट अंगावर उतरत नाही. एका तट्ट्याला ४५० रुपये पडले. वाळवी आणि भुंगा लागू नये म्हणून आधी दोन्ही बाजूंनी काजूबियांच्या टरफलांचं तेल फासलं. ते हाताला लागलं तर फोड येतात, हातमोजे घालूनच.

२० ऑक्टोबर, रविवार

अंगण. पावसाळ्यात अंगणाला गवत आणि शेवाळ धरतं, पागोळ्यांच्या रेषेत खड्डे पडतात. दिवाळीच्या आसपास ते खरवडून, खणून, चोपून, सारवून पुन्हा करायचं ही इकडची रीत.

आबा (शेजारवाडीतले, आमच्याकडे कित्येक वर्षं कामाला येतात) मूठभर माती दाबून म्हणाले, “वहिनी, हाताला लागतेय अजून. आठ दिवस जाऊ दे.” पण आठ दिवसांनी सगळे भात कापायला जाणार आणि दिवाळीला अंगण हवं, म्हणून दोन गडी लावून खणून घेतलं. संध्याकाळी पाऊस आला. खणलेल्या मातीचा चिखल, त्यावर पायांचे खळगे. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात त्याची दगडासारखी ढेकळं झाली आणि फावड्याच्या पाठीने फुटेनात. मजुरीचे १२०० रुपये गेले आणि काम पहिल्यापेक्षा मागे पडलं. दिवाळीपुरता पडवीसमोरचा, न खणलेला पट्टा खरवडून सारवून घेतला, रांगोळीला तेवढा पुरतो.

अंगणाचा नियम मी आता असा लिहून ठेवते: मूठ दाबून उघडली की गोळा राहिला पाहिजे, पण तळव्याला माती चिकटता कामा नये. त्याआधी टिकाव लावू नये.

२६ ऑक्टोबर

ऑक्टोबरचा उन्हाळा जोरात. गाद्या, उशा, गोधड्या, घोंगड्या चार दिवस उन्हात. दुपारी उलटवायच्या आणि ऊन उतरायच्या आधी आत घ्यायच्या, नाहीतर दव पडायला लागतं आणि दिवसभराचं वाळवणं फुकट जातं. कपाटांची दारं उघडी, पुस्तकांची पानं पंख्याखाली. डब्यांतली डाळ-कडधान्यं सुपात घालून उन्हात.

विहिरीचा पंप. चार महिने बंद होता. सुरू करायच्या आधी मोटार उतरवून उन्हात ठेवली, रात्री खोक्यात बंद करून आत १०० वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवला, मग वायरमनकडून तपासून घेतली. ओल धरलेल्या वाइंडिंगला एकदम वीज दिली की ती जळते. आमच्या वाडीत दर वर्षी एक तरी मोटार अशी जाते. पंप पाणी धरत नव्हता, तर फूट व्हॉल्व्हच्या (विहिरीतल्या पाइपच्या तळाच्या) झडपेत पालापाचोळा अडकलेला होता. साफ करायला पैसे लागले नाहीत.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. भात घरात आलं. आता घाई वालांची.

कडवे वाल आणि कुळीथ आमच्याकडे अंगओलितावर होतात, म्हणजे भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर, एक थेंब पाणी न देता. ती ओल रोज खाली खाली जाते. भात कापल्यावर जमीन मोकळी पडली की वरचा थर आठवड्याभरात पांढरा पडतो. वर्षातलं दुसरं कुठलंही काम इतकं मुदतीत बांधलेलं नाही.

या वेळी दोन तुकडे वेगवेगळे केले. खालच्या तुकड्यात पॉवर टिलर फिरवून माती मोकळी केली आणि मग पेरलं, बाकी सगळे तसंच करतात. वरच्या तुकड्यात नांगरलंच नाही. भाताच्या खुंटांच्या मधे काठीने भोक पाडून दोन-दोन बिया टोकल्या आणि पायाने माती ओढली. टिलरचं भाडं तासाला ६०० रुपये. टोकायला आम्ही तिघं होतो, आई बसल्या बसल्या बी निवडून देत होत्या. बी रात्री राखेत घोळून ठेवलं होतं.

८ ते ११ नोव्हेंबर: अंगण, दुसऱ्यांदा

ढेकळं फोडायला आधी पाणी मारावं लागलं. संध्याकाळी झारीने हलकं शिंपण, वर जुनी गोणपाटं, सकाळपर्यंत ढेकूळ आतपर्यंत मऊ. मग फावड्याने फोडून, हरळीच्या मुळ्या वेचून, माती सारखी केली. हरळीची एक गाठ राहिली तरी ती सारवणातून वर येते, म्हणून हे वेचणं कंटाळा न करता करावं.

उतार. पातळी बघायची पाण्याची नळी लावून घरापासून बांधाकडे दहा फुटांना दोन इंच उतार धरला. पूर्वी तो डोळ्याने धरत, पण आमच्या अंगणात पाणी एका कोपऱ्यात पायथ्याशी साचायचं, म्हणजे तिथे उतार उलटा होता. माजघराच्या भिंतीत ओल चढायला तेही एक कारण असणार.

वरच्या दोन बोटांसाठी लाल मातीत पडक्या वारुळाची माती मिसळली. ती बारीक आणि चिकट असते, चोपल्यावर घट्ट बसते. भरतं वारूळ फोडू नये, त्यात नाग-धामण असू शकते. पडकं, पावसाने ढासळलेलंच घ्यावं.

चोपणं. माती ओली करून रात्रभर मुरू दिली आणि सकाळी लाकडी चोपण्याने एका कडेपासून सुरुवात. जोर लावायचा नसतो, चोपणं सपाट पडलं पाहिजे. कडेवर पडलं की खाच पडते. दुपारी भेगा दिसल्या की त्यांवर पाण्याचा हात फिरवून पुन्हा चोपायचं. पहिल्या दिवशी भेगा बोटभर होत्या, शेवटच्या दिवशी नखाएवढ्याही राहिल्या नाहीत.

सारवण आईंनी दाखवलं तसंच केलं. पहिला हात अगदी पातळ, ताकाएवढा, मातीत मुरणारा. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा, जरा दाट, त्यात थोडा भाताचा कोंडा. एका कोपऱ्यात मी पहिलाच हात दाट देऊन बघितला होता, दुसऱ्या दिवशी त्याच्या खपल्या निघाल्या. शेण ताजं लागतं. दोन दिवसांचं असलं की त्यात अळ्या होतात आणि सारवण उकलतं. आता आमच्याकडे गुरं नाहीत, वाडीतून शेणाच्या पाट्या आणल्या.

पेव्हर ब्लॉक का नाही, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. भाव काढला होता, बसवण्यासकट ५८,००० रुपये. पैशांपेक्षा मोठं कारण असं की ब्लॉकवर जुलैत शेवाळ येतं आणि घरात एक म्हातारं माणूस आहे. शिवाय उन्हाळ्यात ब्लॉक तापतात, त्यांवर संध्याकाळी बसता येत नाही. मातीचं अंगण या वर्षी वाया गेलेल्या मजुरीसकट ५,४०० रुपयांत झालं. दर वर्षी करावं लागतं, हे खरं.

१३ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

वृंदावनाला चुना आणि गेरू. त्यासाठी कळीचा चुना आठवड्याआधी विझत घातला होता. चुना विझताना उकळतो. पहिल्यांदा प्लास्टिकच्या बादलीत घातला तर बादलीचा तळ वितळून बसला. लोखंडी ड्रम किंवा पत्र्याची टाकी घ्यावी, पाणी आधी, चुना नंतर थोडा थोडा, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. डोळ्यात उडालेला चुना बुबुळ भाजतो. विझलेला चुना फडक्यातून गाळून, किलोला पाच लिटर पाणी, त्यात गरम पाण्यात विरघळवलेला डिंक. तीन पातळ हात. एक जाड हात दिला की पापुद्रा निघतो.

पश्चिम भिंतीलाही आजच चुना द्यायचा विचार होता. आधी कसोटी घेतली: हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवला. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला थेंब. गिलावा उतरवून महिना होऊन गेला तरी भिंत अजून पाणी सोडतेय. चुना पुढे ढकलला.

१६ नोव्हेंबर

परस. लाल माठ, मुळा, मेथी, कोथिंबीर यांचे वाफे, आणि वांगी-मिरचीची रोपं. जांभ्याची माती पाणी धरत नाही. सकाळी शिंपलं की संध्याकाळी कोरडी. म्हणून आच्छादन.

पहिलं आच्छादन सड्यावरच्या कापलेल्या गवताचं घातलं. गवत बियाला आलेलं होतं, वाफ्यात भाजीपेक्षा गवत जास्त उगवलं आणि सगळं उपसावं लागलं. दुसरं भाताच्या पेंढ्याचं. ते ओल छान धरतं, पण वाळवीला फार आवडतं. पेंढा थेट खोडाला टेकला होता तिथे वाळवीने मिरचीची साल कुरतडली, सहा रोपं बसली. आता खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी, तिथे राख, आणि पेंढ्याऐवजी फणस-आंब्याचा अर्धवट कुजलेला पातेरा (गळलेला पाला). रोप सुकणं थांबलं, पाणीही दिवसाआड पुरतं.

माडांची आळी पावसात पाणी निघून जावं म्हणून फोडलेली होती, ती पुन्हा बांधली. आळ्यात चर मारून नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) थरांनी पुरली, पोकळ बाजू वर, म्हणजे पाणी त्यांत थांबतं. एकदा पुरलेली सोडणं पाच ते सात वर्षं काम देतात. ज्यांच्याकडे माड आहेत त्यांनी सोडणं चुलीत सगळी जाळू नयेत.

वानरांवर उपाय सापडलेला नाही. जुनी मासे पकडायची जाळी वाफ्यांवर ताणली आहे, तेवढ्यावर भाजी वाचते. वांगी उघडी आहेत, ती अर्धी त्यांचीच.

२० नोव्हेंबर, विधानसभेचं मतदान

गडी कोणी नाही. सकाळी मत देऊन आलो आणि कलमांवरचं बांडगूळ काढायला घेतलं. आंब्याला मोहोर यायच्या आधी हे झालं पाहिजे, नंतर फांदी हलवली तर मोहोर गळतो.

बांडगुळाची फळं फुलटोच्या पक्षी खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसतो, तिथे ते रुजतं. नुसतं बांडगूळ ओढून काढलं तर सालीत राहिलेल्या मुळांतून वर्षात पुन्हा फुटतं. आमची मागच्या वर्षी उपटलेली सगळी परत आलेली दिसली. या वेळी बांडगुळाच्या गाठीच्या खाली फूटभर अंतर ठेवून फांदीच कापली. जिथे ते मुख्य फांदीवर होतं तिथे मात्र साल खरवडून गाठ कोरून काढली. तिथे पुढच्या वर्षीही बघावं लागेल.

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी लागू नये म्हणून लावायचा लेप: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र ओतायचं. घासलेला विळा त्यात मिनिटभर बुडवला आणि त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. आमचा कमी पडला होता. बाजारातला पुडीचा चुना जुना होता, वृंदावनासाठी विझवलेला घातल्यावर विळा स्वच्छ निघाला. पेस्ट त्याच दिवशी संपवायची.

२७ नोव्हेंबर

थंडी आली. पहाटे पडवीत बसवत नाही, गवतावरचं दव दहा वाजेपर्यंत राहतं.

बंब. तोटीच्या सांध्यातून पाणी निखाऱ्यांवर ठिबकत होतं. तालुक्याच्या गावी डाग देऊन आणला, १५० रुपये. आतली राखेची नळी खरवडल्यावर पाणी निम्म्या लाकडांत तापतं.

लाकूडफाटा पावसाळाभर खोपीत होता, तरी खालचा थर ओला, कारण तो जमिनीवर होता. सगळा उपसून चिऱ्यांवर बांबू टाकून त्यावर रचला, भिंतीपासून हातभर लांब. भिंतीला टेकलेला ढीग म्हणजे वाळवीला घरात यायची वाट. न्हाणीघराच्या चौकटीवरची ती नळी अशाच ढिगातून चढलेली होती. चौकट खालून बोटभर पोखरलेली निघाली. पोखरलेला भाग काढून खालचा तुकडा जांभ्याच्या चिऱ्याचा बसवला.

ढीग उपसताना फुरसं (विषारी साप) निघालं, वीतभर लांब, चिऱ्याच्या रंगाचं, सहज दिसलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं पुष्कळ. लाकडं आणि चिरे हलवताना हात आधी घालायचा नाही. काठीने किंवा आकडीने सरकवायचं, पायात गमबूट. चावलंच तर बांधणं, कापणं, मंत्र यांत वेळ न घालवता तो अवयव हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्यायचं. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. आम्ही दवाखान्याचा आणि गाडीवाल्याचा नंबर पडवीच्या खांबावर रंगाने लिहून ठेवला आहे.

४ डिसेंबर

बंगालच्या उपसागरातल्या फेंगल वादळामुळे आभाळ भरलेलं. थंडी नाहीशी झाली, रात्री पंखा लावावा लागतोय. कलमांना थोडा मोहोर दिसत होता, त्यावर हे ढग वाईट. तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारे किडे) आणि भुरी (बुरशीचा रोग) दोन्ही अशा हवेत वाढतात. कलमांखालून फिरून आलो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे फवारणी करू, पण ढग हटल्यावर.

वालांचा निकाल मात्र स्पष्ट. टिलर फिरवलेल्या तुकड्यात उगवण विरळ, मधे मधे रिकाम्या जागा, आणि रोपं वीतभरसुद्धा नाहीत. मोकळी केलेली माती दोनच दिवसांच्या उन्हात कोरडी झाली होती. न नांगरलेल्या तुकड्यात ओळी भरलेल्या, पानं गडद. भाताच्या खुंटांनी सावली धरली आणि खालची ओल वर राहिली. आबा दोन्ही तुकडे बघून म्हणाले, “आमी पयल्यापासून असंच टोकायचो. टिलर आला नि सगळं नांगरायला लागले.”

९ डिसेंबर

आभाळ मोकळं. भिंतीची प्लास्टिकची कसोटी पुन्हा घेतली. खालचे दोन थर अजून ओले, वरचा भाग कोरडा. वरच्या भागाला चुन्याचा पहिला हात दिला, खालचे दोन थर तसेच सोडले. ते फेब्रुवारीत.

आता शेवटचं मोठं काम, वणव्याची जाळरेषा. सड्यावरचं गवत पिवळं पडलंय. जानेवारीपासून कुठेतरी काडी पडते आणि वणवा कलमांपर्यंत येतो. गडग्याच्या (रचलेल्या दगडांच्या कुंपणाच्या) बाहेरून बारा-पंधरा फूट रुंद पट्टा ग्रासकटरने कापायला घेतला. सड्यावर पातं लावायचं नाही, लपलेल्या चिऱ्यावर आपटून तुकडा उडतो. परवा एक गोटा उडून गोठ्याचं नवं कौल फुटलं. नायलॉनची दोरी लावली, ती वेळ जास्त घेते पण धोका कमी. चेहऱ्यावर जाळी आणि पायाला जाड गुंडाळलेलं गोणपाट हवं.

नुसतं कापून भागत नाही. कापलेलं गवत पट्ट्यात पडून राहिलं तर ते आणखी छान पेटतं. सगळं ओढून घ्यावं लागतं, पातेराही. गवत वाडीतल्या गुरांना दिलं, त्यांच्याकडून मार्चपर्यंत शेणाच्या पाट्या ठरवून घेतल्या. निम्मा पट्टा झाला आहे. उरलेला शेजारच्यांच्या हद्दीला लागून आहे, ते मुंबईहून नाताळच्या सुट्टीत येतील तेव्हा दोघांनी मिळून करायचं ठरलंय. त्यांच्या बाजूला गडगा पडलेला आहे आणि पट्टा तिथेच सर्वांत रुंद ठेवायला हवा.